थोरली वाढली

“वाच गो,” सासूबाई म्हणाल्या, “आणि हळू वाच. एस्टी सुटल्यासारखी वाचू नको.”

पोस्टमन कार्ड देऊन गेला तेव्हा त्या पडवीत भिंतीला टेकून सुंभ वळत बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला काथ्याचा ढीग, दुसऱ्या बाजूला वळलेल्या सुंभाची वेटोळी. स्वयंपाक, पूजा आणि झोप सोडली तर उरलेला सगळा वेळ त्या सुंभ वळत असत. मी सातवी पास होते, त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून घरातलं सगळं वाचन माझ्याकडे. एवढा एकच मान मला त्या घरात होता आणि तो मी जपून ठेवत असे.

“ति. आईस साष्टांग नमस्कार,” मी वाचायला लागले. “थोरली सोमवारी कारवारजवळ वाढली. माणसं सगळी सुखरूप आहेत. हुसेनच्या हाताला थोडं लागलं आहे. चार दिवसांत घरी येतो. काळजी करू नये. आपला हरेश्वर.”

हरेश्वर म्हणजे आमचे हे. सासूबाईंचा एकुलता एक मुलगा.

सासूबाईंचा हात थांबला.

“वाढवली?” त्यांनी विचारलं. “की वाढली? नीट बघ.”

मी कार्ड उजेडात धरलं. “वाढली असंच आहे. ‘व’ खाल्लाय त्यांनी. घाईत लिहिलं असेल.”

“‘व’ नाय?”

“नाही.”

“माणसां सुखरूप, ह्या परत वाच.”

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, तेही वाचलं. मग त्यांनी हातातल्या सुंभाला गाठ मारली, कोयतीने तो कापला आणि काथ्याचा ढीग पायाने कोपऱ्यात सारला. लग्न होऊन मला दीड वर्ष झालं होतं. सूर्य डोक्यावर असताना त्यांनी सुंभ खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहत होते.

“बरा झाला,” त्या म्हणाल्या. “देवीन आयकल्यान.”

मी आत गेले, चुलीपुढे बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

का रडले ते सांगायचं तर आधी थोरलीबद्दल सांगायला हवं.

थोरली म्हणजे माझी जाऊ नव्हे. थोरली म्हणजे आमचं गलबत. कागदोपत्री तिचं नाव ‘सातेरीप्रसाद’ होतं, पण घरात तिला कुणी त्या नावाने हाक मारत नसे. माझ्या आजेसासऱ्यांनी ती आमच्या पाटखोलच्या खाडीवरच बांधून घेतली, सागवान आणि ऐनाची. ती पाण्यात सुटली त्या साली सासूबाई चार वर्षांच्या होत्या. पुढे त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की घरची थोरली सून खाडीत उभी आहे, तू धाकटी. मी आले तेव्हा तो धाकटेपणा माझ्याकडे आला. सासूबाई सासूबाई झाल्या, पण थोरली थोरलीच राहिली.

तिने काय काय वाहिलं नाही! मंगळूरची कौलं, मीठ, तांदूळ, सुपारी, मुंबईला जाणाऱ्या आंब्याच्या पाट्या. एकदा म्हणे वेंगुर्ल्याहून एक अख्खं वऱ्हाड आणलं आणि नवऱ्यामुलालाच गलबत लागलं. बोहल्यावर तो हिरवा पिवळा होऊन उभा राहिला. आमच्या गावातल्या निम्म्या घरांवरची कौलं थोरलीच्या पोटातून आलेली. दर नारळीपौर्णिमेला तिची ओटी भरायची. नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या उंच टोकावर, हळदकुंकू लावायचं आणि खणही तिला आधी, मग मला. माझ्या पहिल्या सणाला माझा खण तिच्यापेक्षा हलका निघाला, तेव्हा मी माहेरी कोल्हापूरला चार पानी पत्र लिहिलं होतं.

माझे वडील मूळचे याच किनाऱ्यावरचे, पण पोलिसात लागले आणि घाटावर गेले ते गेलेच. मी रंकाळ्यापलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. “दर्यावर्दीच्या घरी देतोय, पोरी, मन घट्ट कर,” असं वडील म्हणाले होते. मन घट्ट करणं म्हणजे काय ते मला इथे आल्यावर कळलं. दसऱ्याला हे निघत. मधे दोन दिवस, चार दिवस येऊन जात आणि खरे घरी येत ते पावसाच्या तोंडावर, थोरलीला काठावर ओढून झावळ्यांनी शाकारली की. वर्षातले चार महिने नवरा, आठ महिने वाट बघणं.

आणि सासरे. सासऱ्यांचा फोटो देवघराशेजारी होता. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य; बाबल तांडेल म्हणून किनाऱ्यावर त्यांना मान होता. तेरा वर्षांपूर्वी भर दुपारी, हवा अगदी शांत असताना, शीड वर चढवताना दोर तुटला. शिडाचं आडवं लाकूड, परबाण म्हणतात त्याला, खाली आलं आणि सासऱ्यांना घेऊन समुद्रात गेलं. ते सापडलेच नाहीत. थोरली मात्र आठव्या दिवशी डौलात खाडीत शिरली. ती आली, सासरे नाहीत. आणि त्याच वर्षीच्या नारळीपौर्णिमेला सासूबाईंनी, पांढऱ्या कपाळाने, शेजारणीच्या हातून तिला हळदकुंकू लावून घेतलं आणि खण दिला. हे मला शेजारणीनेच सांगितलं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. म्हटलं, बाई आहे की दगड? जिने नवरा गिळला तिची ओटी भरते? आणि तिच्यासाठी रात्रंदिवस सुंभ वळते?

त्या वर्षी दसऱ्याला निघताना ह्यांनी नवीनच खूळ काढलं होतं. थोरली लहान पडते, म्हणाले. कारवारकडे एक मेस्त्री आहे, तो दोन्ही बाजूंनी तीन-तीन फळ्या चढवून गलबत वाढवून देतो. वाढवलं की दीडपट माल. मग कोचीपर्यंत जाता येईल, तिकडून सुपारी, मिरी…

“म्हणजे घरी कधी यायचं?” मी विचारलं.

“येणार ना! येणार नाय तर जातलंय खंय?” म्हणत हे हसले आणि माझ्या गालाला चिमटा काढून गेले. ह्यांचं हसणं असं होतं, की समोरच्याचं भांडण अर्ध्यातच विरून जाई.

तेव्हा मला दुसरा महिना होता. कार्ड आलं तेव्हा सातवा. पोटातलं बाळ लाथा मारत होतं आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “झील होतलो बघा. थोरलीवर तांडेल होतलो.” ते ऐकलं की माझं रक्त आटायचं. नवरा दर्याने नेला, निदान मुलगा तरी माझ्याजवळ राहू दे, एवढंच मी देवाजवळ मागत होते. खरं सांगायचं तर त्याहून जास्त मागत होते, पण ते पुढे येईल.

तर थोरली वाढली. फळ्या चढल्या. आता कोची. आणि सासूबाई म्हणतात, बरं झालं, देवीने ऐकलं.

मी चुलीपुढे बसून ह्यांच्या शुद्धलेखनाचा राग करत होते. बायकोच्या जिवाची नाही ती नाही, निदान ‘व’ची तरी काळजी घ्यावी माणसाने!

“गो, ऊठ,” सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी धुवट लुगडं नेसलं होतं. हातात दोन नारळ. “देवळात जावया.”

“आत्ता? दुपारची?”

“आत्ताच. नारळ वाढवूक व्हयो. रडतंस कित्या?”

“रडत नाही. धूर गेलाय डोळ्यात.”

त्यांनी विझलेल्या चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढे येऊन माझे डोळे आपल्या पदराने पुसले. दीड वर्षात त्यांनी मला असा हात लावला नव्हता. मला आणखीच राग आला. म्हटलं, स्वतःच्या मनासारखं झालंय ना, म्हणून हा उमाळा.

सातेरीचं देऊळ आमच्या घरापासून मैलभर. वाट माडांतून, मग चढ. सासूबाई पुढे, मी पोट सावरत मागे. वाटेत सखाराम पोस्टमन दिसला, झाडाखाली सायकल लावून पाणी पीत होता. हा माणूस एरवी कुणाचंही कार्ड त्याच्या हातात देण्याआधी मजकूर सांगून मोकळा होई. “तुमच्या बहिणीक मुलगी झाली, घेवा कार्ड,” अशी त्याची पद्धत. मघाशी मात्र तो माझ्या हातात कार्ड ठेवून, पाणीसुद्धा न पिता, पाठ फिरवून गेला होता. आताही आम्हाला पाहून तो उठून उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी काढली.

“मथुराबाय,” तो म्हणाला, “माणसां सुखरूप आसत, ह्याच मोठा.”

“ताच मोठा रे बाबा,” सासूबाई म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

फळ्या चढवताना माणसं सुखरूप राहिली यात एवढं मोठं काय, असं माझ्या मनात आलं. गलबतावरच्या हुसेनचा हात कुठेतरी करवतीखाली आला असेल, एवढंच. पण रागाने भरलेलं डोकं नीट विचार करत नाही. मी खाली मान घालून चढ चढले.

देवळात दाजी गुरव एकटेच होते, दिव्याला तेल घालत. पिकल्या मिशांचे, हडकुळे, आवाज मात्र शंखासारखा. आम्हाला पाहून त्यांना नवल वाटलं.

“मथुराबाय? आज काय? ना सण, ना वार.”

“नवस फेडूचो आसा, दाजी. गाऱ्हाणा घाल.”

दाजींच्या हातातली तेलाची पळी तशीच राहिली. ते सासूबाईंकडे बघत राहिले. “तो?” त्यांनी विचारलं. “तेरा वर्सांचो?”

“तोच.”

“वाढली?”

“वाढली. सोमवारी. कारवारजवळ.”

“आणि झील?”

“येता. चार दिसांत. सगळी येतत.”

दाजींनी पळी खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. गलबताला फळ्या चढवण्यासाठी तेरा वर्षांपासून नवस? फळ्यांचं खूळ तर गेल्या दसऱ्याचं!

ज्यांनी आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांना सांगते. इथे देवाला मनातल्या मनात काही सांगून चालत नाही. गुरवाने ते मोठ्याने, खणखणीत आवाजात, नावगाव घेऊन देवापुढे मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. सगळ्यांसमोर. लपवाछपवी नाही. त्या दिवशी बाकीचे म्हणजे आम्ही दोघीच होतो.

दाजींनी दोन्ही नारळ देवीपुढे ठेवले आणि सुरुवात केली.

“बा देवी सातेरी, ह्या गावाचे राखणदारणी, तुझ्या पायाकडे आज जुवाटकरांची मथुरा आपल्या सुनेक घेवन इली आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” सासूबाई म्हणाल्या. मीही ओठ हलवले.

“तेरा वर्सांमागे हिचो घोव, बाबल तांडेल, गलबतावरसून पडलो आणि दर्यान तेका घेतल्यान, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

“तेव्हा हिना हयसरच उभी रवान तुका सांगल्यान, आई, माझ्या घरातला आणखी माणूस घेव नको. तुका घेवचाच आसात तर गलबत घे. थोरली घे. पण माझो झील घराक हाड, म्हाराजा!”

सासूबाईंचा “व्हय म्हाराजा” ऐकू आला. मी ओठ हलवायचेही विसरले.

“ता तू आयकलंस. सोमवारी कारवारजवळ दर्यान गलबत घेतल्यान. गलबत तुका पावला. हरेश्वर आणि पाचव खलाशी जिते आसत. तेरा वर्सांचो बोल पुरो झालो. आता ह्यो नारळ मान्य करून घे, आणि ह्या सुनेच्या पोटात जा काय आसा तेका जमिनीर खेळव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” सासूबाई म्हणाल्या आणि वळून माझ्याकडे पाहिलं. “म्हण गो.”

मी म्हटलं. कसं म्हटलं ते आठवत नाही. दाजींनी नारळ दगडावर आपटला आणि त्याची दोन शकलं झाली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

नारळ फोडतात, पण फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी पिचली की ती वाढली. मंगळसूत्र तुटलं की ते वाढलं. हे काय मला माहीत नव्हतं? कोल्हापुरातसुद्धा माझी आई असंच बोलायची. पण गलबतही वाढतं हे घाटावरच्या पोरीला कोण सांगणार? बुडालं, फुटलं हे शब्द दर्यावर्दी माणसं तोंडात आणत नाहीत, कागदावर तर नाहीच नाही. ह्यांनी ‘व’ खाल्ला नव्हता. मीच सातवी पासच्या तोऱ्यात तो घुसवायला निघाले होते. पोस्टमनला कळलं होतं, गुरवाला कळलं होतं, आणि एक अक्षरही न येणाऱ्या माझ्या सासूला पहिल्या झटक्यात कळलं होतं.

आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. खाली खाडी दिसत होती. थोरली नांगरून उभी राहायची ती जागा रिकामी होती.

“आई,” मी म्हटलं, “मला वाटलं, फळ्या चढवल्या.”

“कसल्या फळयो?”

“गलबताला. वाढवून घेतलं, असं वाटलं. म्हणून रडत होते.”

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, बाईंचा बांध फुटला. बघते तर त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, देवीच्या दारात, डोळ्यातून पाणी येईपर्यंत.

“अगो माझे बाय! आणि माका वाटला, थोरलीसाठी रडतंस. म्हटला, पोर घाटावरची खरी, पण काळीज दर्यावरचा आसा!”

“थोरलीसाठी मी कशाला रडेन?” माझ्या तोंडून निघून गेलं. आणि एकदा बांध फुटल्यावर मग सगळंच निघालं. “आई, मी पाप केलंय. नारळीपौर्णिमेला तिची ओटी भरताना मी मनात म्हटलं होतं, जा बाई एकदाची. माझा नवरा मला दे आणि तू जा. ओटी भरता भरता तिला शाप दिला मी.”

वाटलं, आता ही बाई मला घराबाहेर काढते. बेचाळीस वर्षं ज्या गलबताने घर पोसलं त्याला शाप!

सासूबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. सुंभ वळून वळून त्यांचे तळवे खवल्यांसारखे झाले होते.

“माका ठावक आसा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुझे ओठ हलत होते. मी बघलंय. मी पण तेव्हा ताच सांगत होतंय.” त्या खाडीकडे बघत म्हणाल्या, “तेरा वर्सां मी एकटी सांगत होतंय. देवी आयकत नाय होती. औंदा दोघींनी सांगला, म्हणान आयकल्यान.”

“मग तिला हळदकुंकू का लावत होता? खण का देत होता?”

“सवतीक कोण मायेन खण देता? ती रागावाची नाय म्हणान देवचो. माझो झील तिच्या हातात होतो मां!”

“आणि सुंभ?”

“बाजारचो दोर तुटलो, म्हणान तेंका नेल्यान,” सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांचं नाव त्या घेत नसत. “तेच्यामागे त्या गलबतार बाजारचो दोर चढूक दिलंय नाय. सगळो माझ्या हातचो. माझो दोर तुटाचो नाय.”

दीड वर्ष मी या बाईला दगड समजत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्यांच्या मांडीवर डोकंच ठेवलं. मोठं पोट मधे येत होतं, तरी ठेवलं.

“झील झाला तर तांडेल करणार म्हणत होता,” मी पडल्या पडल्या म्हटलं.

“तसा म्हणूचा लागता. थोरलेचे कान खाडीभर होते.”

मग मलाही हसू फुटलं. दाजी गुरव प्रसादाचं खोबरं घेऊन बाहेर आले आणि दोन बायका पायरीवर रडत-हसत बसलेल्या पाहून खोबरं तिथेच ठेवून परत आत गेले.

घरी येताना चढ नव्हता म्हणून असेल, पण मला ती वाट निम्मी वाटली. माझा नवरा येणार होता. आणि परत जायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. हा विचार मनात आला की मला आनंद होई, आनंद झाला की लाज वाटे, आणि लाज वाटून संपेपर्यंत परत आनंद होई.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. ह्यांनी दुसरं गलबत घेतलं नाही. दोन वर्षं घेऊ-घेऊ म्हणाले, मग खाडीवर तर, म्हणजे ने-आणीची होडी, चालवायला घेतली. या काठावरून त्या काठावर, माणसं, बकऱ्या, सायकली आणि मास्तर. सत्तावीस वर्षं हे रोज दुपारी घरी जेवायला येत होते. मुलगा झाला नाही, मुलगी झाली. तिचा पाळणा त्या उरलेल्या सुंभाला टांगला होता. तो सुंभ माझ्या नातवंडांनाही पुरला.

पण ते पुढे. त्या वेळी हे आले ते चौथ्या दिवशी, दुपारी. एस्टी पलीकडच्या काठाला थांबली आणि होडीतून सहा माणसं उतरली. अंगावरचे कपडे कुणाकुणाचे मागून घेतलेले. ह्यांच्या अंगात कुणा जाड्या माणसाचा सदरा होता. हुसेनचा हात गळ्यात बांधलेला आणि दुसऱ्या हातात भात शिजवायचा मोठा टोप. गलबत गेलं, शीड गेलं, नऊ हजार कौलं गेली, पण हुसेनने टोप सोडला नव्हता.

हे अंगणात येऊन उभे राहिले. नेहमीचं हसू तोंडावर नव्हतं. आईकडे बघायचा धीर त्यांना होत नव्हता.

“आवशी,” ते म्हणाले, “तुझी थोरली…”

“कळला माका. हातपाय धू.”

“बाबांची निशाणी होती. माझ्या हातातसून गेली.” आणि ते तिथेच तुळशीच्या कट्ट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी माझ्या नवऱ्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. ज्या गोष्टीने मी चार दिवस मनातल्या मनात नाचत होते, तीच त्यांचं काळीज कापत होती. मला पुढे होता येईना. मी खांब धरून उभी राहिले.

“कशी गेली?” सासूबाईंनी विचारलं.

सांगितलं ते हुसेनने. “पाण्यातल्या खडपार बसली, मावशी, तसा पाणी भरूक लागला. आत कौलां, वजन म्हणजे काय! म्हटला, आता पाच मिनटां. होडी सोडूची होती, तर होडीचो दोर अडकलो. हात अडकलो माझो तेच्यात. सगळ्यांनी मिळान सोडवल्यानी. अर्धो तास गेलो असतलो. तवसर ती तशीच. पाणी नाळेपर्यंत, पण खाली जाईना. आमी साय जण होडयेत बसलो, चार हात लांब गेलो, आणि मगे ती गेली. उभीच्या उभी. शीडासकट.”

“थांबली?” सासूबाईंनी विचारलं.

“थांबली, मावशी. आमका उतरवन मगे गेली.”

सासूबाई आत गेल्या, हळदकुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. मला धरून खाडीच्या काठावर नेलं. “लाय,” म्हणाल्या. मी चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू पाण्यात सोडलं. या खेपेला माझ्या ओठांवर शाप नव्हता. शेजारी सासूबाई हुंदके देऊन रडत होत्या, तेरा वर्षं जिच्या जाण्याचा नवस केला त्या सवतीसाठी, आणि मीही रडत होते. तिने माझा नवरा मला परत दिला होता आणि तोही हात धरून, जपून.

परत आलो तेव्हा हातपाय धुऊन सहाही जण पडवीत ओळीने बसले होते. भात तयार होता. बांगड्याचं तिखलं चुलीवर खदखदत होतं. मी पानं मांडली आणि सवयीने बाजूला सरून उभी राहिले. माणसं दर्यावरून आली की पहिलं वाढणं सासूबाईंचं, अशी त्या घरची रीत होती.

सासूबाई मात्र खांबाला टेकून खाली बसल्या. डोळे पुसले, पाय लांब केले आणि माझ्याकडे बघून हाक मारली. धाकटे म्हणून नाही.

“थोरले,” त्या म्हणाल्या, “वाढ गो. माणसां भुकेली आसत.”